तांब्याची कडी आणि फोनमधला आवाज

जानेवारी २०२४मध्ये चेन्नईतल्या एका समारंभात पडद्यावर तमिळनाडूचे माजी मुख्यमंत्री एम. करुणानिधी बोलू लागले. तोच काळा चष्मा, तीच पिवळी शाल, तोच घोगरा आवाज. प्रसंग होता द्रमुकचे ज्येष्ठ नेते टी. आर. बालू यांच्या आत्मचरित्राच्या प्रकाशनाचा. करुणानिधींनी जुन्या सहकाऱ्याचे अभिनंदन केले, मुलाच्या म्हणजे तेव्हाचे मुख्यमंत्री स्टॅलिन यांच्या कारभाराचे कौतुकही केले. करुणानिधींचे निधन ७ ऑगस्ट २०१८ रोजी झाले होते.

सभागृहात कोणाची फसवणूक झाली नाही. हे संगणकाने घडवलेले करुणानिधी आहेत हे तिथे सगळ्यांना ठाऊक होते. पुढच्याच महिन्यात अण्णाद्रमुकने आपल्या नेत्या जयललितांच्या आवाजातला असाच एक संदेश प्रसृत केला. त्यांना जाऊनही सात वर्षे उलटली होती. प्रश्न आहे तो सभागृहाबाहेरचा. करुणानिधी कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातले, तिरुवारूरजवळच्या तिरुक्कुवळै गावचे. तंजावूर, तिरुवारूर, नागपट्टिणम या जिल्ह्यांतल्या भातशेतीच्या गावांत दोन-तीन पिढ्यांनी हा आवाज लाउडस्पीकरवर, रेडिओवर, टीव्हीवर ऐकलेला. अशा गावातल्या एखाद्या म्हाताऱ्याच्या फोनवर हीच फीत, समारंभाचा संदर्भ गळून, चौथ्या-पाचव्या हातून आली तर त्याने ती कशी ओळखावी?

आणि गोष्ट उलटीही घडते. एप्रिल २०२३मध्ये तमिळनाडूचे तत्कालीन अर्थमंत्री पळनिवेल त्यागराजन यांच्या म्हणून काही ध्वनिफिती पसरल्या. त्या बनावट आहेत, असे त्यांनी सांगितले. विरोधक त्या खऱ्याच असल्याचे म्हणत राहिले. खोटे आवाज करता येतात हे एकदा लोकांना कळले की खऱ्या आवाजालाही खोटे म्हणण्याची सोय होते. मला यातला हा दुसरा धोका जास्त गंभीर वाटतो, कारण त्यात पुराव्याचीच किंमत जाते.

आवाज उचलतात कसा?

आवाज म्हणजे हवेतली थरथर. संगणक ती थरथर सेकंदाच्या शंभराव्या भागाएवढ्या बारीक तुकड्यांत कापतो आणि प्रत्येक तुकड्यात कोणते सूर किती जोरात आहेत ते आकड्यांत मांडतो. हे आकडे ओळीने लावले की आवाजाचा एक नकाशा तयार होतो. हजारो माणसांचे हजारो तासांचे बोलणे आणि त्याचा लेखी मजकूर असा यंत्रापुढे ठेवला की ‘क’ नंतर ‘आ’ आला तर नकाशा कसा वळतो, प्रश्न विचारताना शेवट कसा चढतो, हे त्याच्या हिशेबात बसते.

इथवरचे शिकणे सगळ्या माणसांना लागू पडणारे असते. उरते ते तुमचे खास: घशाची खरखर, नाकातला स्वर, बोलण्याचा वेग, थांबण्याची लकब. यंत्र हे वेगळेपण काही शे आकड्यांत साठवते. म्हणजे मोठे काम दुसऱ्यांच्या आवाजावर आधीच उरकलेले असते. तुमच्याकडून लागतो तो फक्त फरक. म्हणूनच जानेवारी २०२३मध्ये मायक्रोसॉफ्टने ‘वाल-ई’ नावाचे संशोधन जाहीर केले तेव्हा तीन सेकंदांचा नमुना पुरत होता. करुणानिधींची तर अनेक वर्षांची भाषणे उपलब्ध होती. पण सिंगापूरला कामाला गेलेल्या मुलाने इन्स्टाग्रामवर टाकलेली एक रीलही आता पुरेशी आहे. या भागातल्या पुष्कळ घरांतला कोणी ना कोणी सिंगापूर, मलेशिया किंवा आखातात असतो. परदेशातून अडचणीचा फोन येणे तिथे नवलाचे नाही, आणि ठकांना नेमके तेच हवे असते.

बोटे मोजा, ओठांची हालचाल पाहा, डोळे मिचकावतात का बघा, असे उपाय वर्तमानपत्रे सांगत असतात. ते सहा महिन्यांत शिळे होतात, कारण जी चूक माणसाला दिसते ती पुढच्या आवृत्तीत दुरुस्त होते. शिवाय व्हॉट्सॲपवरून जाताना चित्र आणि आवाज दाबून लहान केले जातात, त्यात बारीक खुणा पुसल्या जातात. खऱ्या-खोट्याचा निकाल केवळ चेहरा आणि आवाज यांवर लावण्याचे दिवस गेले. मग तो कशावर लावायचा? याच मुलुखात या प्रश्नाचे एक हजार वर्षांपूर्वीचे उत्तर तांब्यावर कोरलेले आहे.

आणैमंगलमची हत्तीण

नागपट्टिणमजवळ आणैमंगलम नावाचे गाव आहे. इसवी सन १००६च्या सुमारास राजराज चोळाने या गावाचे उत्पन्न नागपट्टिणमच्या एका बौद्ध विहाराला दिले. विहार बांधला होता समुद्रापलीकडच्या श्रीविजयच्या राजाने. या दानाचा ताम्रपट पुढे हॉलंडमधल्या लायडन विद्यापीठात पोचला, म्हणून त्याला लायडन ताम्रपट म्हणतात. एकवीस पत्रे, एका भक्कम कडीत ओवलेले. पाच संस्कृत, सोळा तमिळ.

तमिळ भाग वाचताना आधी कंटाळा येतो, कारण पानेच्या पाने फक्त कोणी काय केले याची नोंद आहे. पण सगळे मर्म त्या नोंदीतच आहे. राजाने आज्ञा तोंडी दिली. ती ऐकणारा अधिकारी कोण, ते नावानिशी लिहिले आहे. ती ताडपत्रावर कोणी उतरवली, वरिष्ठ लेखनाधिकाऱ्यांपैकी कोणी मान्य केली, महसुलाच्या दप्तरात कोणी वाचली आणि कोणी नोंदवली, ही सगळी नावे आहेत. मग आज्ञा गावाकडे आली. आसपासच्या गावांचे लोक जमले, एक हत्तीण आणली आणि गावाच्या शिवेवरून तिला चालवले. ती जिथून गेली ती हद्द. पूर्वेला कुठला पाट, दक्षिणेला कुठल्या गावाची शीव, हे सगळे लेखात आहे. हत्तीण शिवेवरून जाताना शेजारच्या गावांनी पाहिली, आणि शेजारी हाच हद्दीच्या भांडणातला दुसरा पक्ष असतो. त्यानेच साक्ष दिली की उद्या तो फिरू शकत नाही. त्या गावांच्या वतीने सह्या झाल्या. आज्ञा राजराजाची, ती तांब्यावर कोरवून घेतली त्याच्या मुलाने, राजेंद्राने.

आता कडी पाहा. प्रत्येक पत्र्याला भोक, सगळ्यांतून एक जाड कडी आणि कडीची दोन्ही टोके एका मुद्रेत बसवून बंद केलेली. मुद्रेवर चोळांचा वाघ आणि सोबत पांड्यांचे दोन मासे, चेरांचे धनुष्य. मधला एखादा पत्रा बदलायचा तर कडी कापावी लागणार, आणि कापलेली कडी लपत नाही. लबाडी अशक्य करणे कारागिराच्या हातात नव्हते, तरी ती झाली तर दिसेल एवढी व्यवस्था त्याने करून ठेवली.

मराठ्यांच्या दप्तरातही कागदाची राखण अशीच चाले. पत्राच्या माथ्यावर शिक्का, मजकूर संपला तिथे मोर्तब. शिवाजी महाराजांच्या पत्रांतले मोर्तब ‘मर्यादेयं विराजते’ असे सांगते: पत्राची सीमा इथे झाली, याखाली काही दिसले तर ते आमचे नव्हे. कागद लांब असेल तर तुकडे चिकटवत आणि जोडावर मागच्या बाजूने शिक्का मारत, अर्धा या तुकड्यावर, अर्धा त्या. पाठीवर ‘रुजू’, ‘बार’ असे शेरे असत, म्हणजे तपासणी झाली आणि नोंद झाली. वतनाच्या तंट्यात महजरावर, म्हणजे निवाडापत्रावर, पाटलाचा नांगर, बलुतेदारांच्या हत्यारांच्या निशाण्या असत. लिहिता न येणारा माणूसही पुराव्यात नोंदला जाई. महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजी यांनी १६७६च्या सुमारास तंजावूर घेतल्यावर मोडी लिपीतल्या कागदांची ही रीत कावेरीकाठी गेली आणि पुढची पावणेदोनशे वर्षे तिथे नांदली.

कडीचे आकडे

आजच्या डिजिटल सहीचे काम कडीसारखेच चालते. तांब्याच्या जागी गणित आले आहे. समजा, ओरत्तनाडूच्या एका शेतकऱ्याच्या उताऱ्यावर तीन मा जमीन लिहिली आहे. (वीस मा म्हणजे एक वेली, हे या भागातले जुने माप.) हा सगळा मजकूर एका ठरावीक गणिती कृतीतून काढला की शेवटी एक आकडा हाती येतो. त्याला हॅश म्हणतात. सर्रास वापरली जाणारी एक कृती चौसष्ट अक्षरांचा हॅश देते, मजकूर एक ओळीचा असो की हजार पानांचा. तोच मजकूर पुन्हा घातला तर तोच हॅश येतो. पण तीनच्या जागी आठ केले, नव्हे एक स्वल्पविराम जरी हलवला, तरी चौसष्ट अक्षरे ओळखू न येण्याइतकी बदलतात. आणि हॅश आधी ठरवून त्याला जुळेल असा खोटा मजकूर बनवणे आजच्या संगणकांच्या आवाक्यात नाही.

झाली ती कडी. आता मुद्रा. अधिकाऱ्याकडे दोन प्रचंड आकड्यांची, म्हणजे किल्ल्यांची, जोडी असते. एक गुप्त, तो त्याच्यापाशीच राहतो. दुसरा जाहीर, कोणालाही पाहता येतो. गुप्त आकड्याने हॅशवर जी प्रक्रिया होते ती फक्त जाहीर आकड्याने तपासता येते, आणि जाहीर आकड्यावरून गुप्त आकडा काढता येत नाही. रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन या तिघांनी १९७७मध्ये ही युक्ती व्यवहारात आणण्याजोगी केली. फाइल उघडणारा संगणक स्वतः हॅश काढतो, सहीतला हॅश जाहीर आकड्याने मोकळा करतो आणि दोन्ही ताडून पाहतो. जुळले तर दोन गोष्टी सिद्ध होतात: सही या किल्लीनेच झाली आणि त्यानंतर अक्षर बदललेले नाही.

ही किल्ली त्याच अधिकाऱ्याची हे कशावरून? त्यासाठी शेजारच्या गावांसारखा साक्षीदार हवा. माहिती तंत्रज्ञान कायदा, २०००ने तो नेमला आहे. सरकारी नियंत्रकाने परवाना दिलेल्या संस्था माणसाची ओळख तपासून ‘ही किल्ली अमक्याची’ असे प्रमाणपत्र देतात. प्रमाणपत्रावर त्या संस्थेची सही, संस्थेच्या किल्लीवर नियंत्रकाची. चोळांच्या दप्तरातली साखळीच ही; काम मात्र क्षणात उरकते.

छापील प्रतीचे काय?

गावात अडचण येते ती इथे. सरकारी ई-सेवै केंद्रातून पट्टा (जमिनीचा उतारा) किंवा दाखला निघतो तो बहुधा छापून. खाली लिहिलेले असते की यावर डिजिटल सही आहे, शाईच्या सहीची गरज नाही. पण डिजिटल सही फाइलीत असते, कागदावर नसते. छापताक्षणी कडी मागे राहते आणि हातात उरते तिचे चित्र. सहीचा चौकोन आणि हिरवी खूण कोणीही संगणकावर काढू शकतो. त्यामुळे छापील प्रतीचा सगळा भार त्यावरच्या संदर्भ क्रमांकावर येतो. तो क्रमांक सरकारी संकेतस्थळावर टाकून मूळ नोंद पाहिली तर कागदाला अर्थ आहे.

क्यूआर कोडही तेवढाच विश्वासाचा, जेवढे तो ज्या पत्त्यावर नेतो ते ठिकाण. बनावट दाखल्यावर बनावट कोड आणि तो नेतो ते संकेतस्थळही बनावट, असे सहज होऊ शकते. म्हणून पत्ता आपण टाइप करावा आणि शेवटी ‘जीओव्ही डॉट इन’ आहे का ते पाहावे. ते नाव सरकारी संस्थांखेरीज कोणाला मिळत नाही. जमीन घेताना एवढे श्रम न घेणारी सुशिक्षित माणसे पाहिली की वाईट वाटते. चारशे रुपयांची साडी उलटीपालटी करून पाहणारे आपण, चार लाखांच्या कागदाचा क्रमांक टाकून पाहत नाही.

फोटो आणि चित्रफितींसाठीही अशी सही आता आली आहे. काही कॅमेरे फोटो काढतानाच त्यावर सही करतात. पुढे कोणी काय बदलले याची नोंदही सोबत राहते. पण व्हॉट्सॲपवर फोटो चढवताना तो नव्याने दाबला जातो आणि सोबतची माहिती बहुतेक वेळा गळते. गावांत जी वाट सर्वांत जास्त वापरात, तिच्यावरच कडी निखळते.

शिक्का अस्सल, मजकुराचे काय?

तंजावूरच्या बृहदीश्वर मंदिराच्या आवारात, नैर्ऋत्येच्या बाजूला, भिंतीवर देवनागरी अक्षरे दिसतात. तमिळ आणि ग्रंथ लिपीच्या सागरात अचानक मराठी! दुसऱ्या सरफोजी राजांनी १८०३मध्ये कोरवून घेतलेला हा भोसले वंशाचा इतिहास, मराठीतल्या सर्वांत मोठ्या शिलालेखांपैकी एक. तो सरफोजींचाच यात शंका नाही. दोनशे वर्षांत कोणी त्यात ओळ घुसडलेली नाही. डिजिटल सही ज्या दोन गोष्टी सिद्ध करते, त्या दोन्ही इथे दगडाने सिद्ध केल्या आहेत.

तरी त्यातला सगळा मजकूर इतिहास म्हणून घेता येत नाही. वंशाच्या प्राचीन भागात दंतकथा आहेत. लेख कधी कोरला तेही पाहावे लागते: १७९९च्या तहाने राज्याचा कारभार कंपनीकडे गेला होता, राजांकडे उरला होता किल्ला आणि त्याचा परिसर. अशा वेळी आपल्या घराण्याची थोरवी दगडावर लिहून ठेवावीशी वाटणे फार समजण्यासारखे आहे. मला त्या भिंतीपुढे आदरच वाटतो. पण आदर वाटला म्हणून तिचे प्रत्येक वाक्य खरे ठरत नाही. इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांनी बखरींपेक्षा अस्सल पत्रांवर भर दिला तो याच कारणाने, आणि अस्सल पत्रही दुसऱ्या पत्राशी ताडून पाहावे लागते.

म्हणजे प्रश्न तीन आहेत आणि ते वेगवेगळे आहेत. हे कोणी सांगितले? वाटेत बदलले का? आणि सांगितले ते खरे का? पहिल्या दोहोंना कडी आणि सही उत्तर देतात. तिसऱ्याला कुठलेही यंत्र उत्तर देत नाही. तिथे स्वतंत्र साक्षीदार लागतात, सांगणाऱ्याचा हेतू पाहावा लागतो, तारखा जुळवाव्या लागतात. समाजमाध्यमांवर आपण तिन्हींची गल्लत करतो. एखाद्या पुढाऱ्याच्या अधिकृत खात्यावरचा मजकूर ‘खरा’ म्हणून पुढे ढकलतो, तेव्हा पहिला प्रश्न सुटलेला असतो आणि तिसरा तसाच पडलेला असतो. व्हॉट्सॲपच्या कुलूपबंद संदेशांचेही तसेच. ते कुलूप मधल्या कोणाला वाचू देत नाही एवढेच. आत खोटे असेल तर तेही तितकेच सुरक्षित पोचते.

झिलकऱ्याची सवय

आता बोलक्या यंत्रांकडे येऊ, म्हणजे ज्यांना आपण प्रश्न टाइप करतो आणि ती ओघवत्या भाषेत उत्तर देतात. तंजावूरला मराठी कीर्तन गेले, तमिळ हरिकथेवर त्याची दाट छाया पडली. कीर्तनकाराच्या मागे उभा असलेला झिलकरी आठवा. बुवांनी ओळ अर्धी म्हटली की उरलेली तो उचलतो. वर्षानुवर्षे ऐकून पुढे काय येणार हे त्याच्या जिभेवर असते. उद्या बुवांनी नवेच आख्यान लावले तरी तो सुरात, तालात काहीतरी जुळेलसे म्हणेल. आख्यान पुराणात तसे आहे का, हे त्याने पोथी उघडून पाहिलेले नसते.

भाषायंत्राचे मूळ काम हेच: आतापर्यंतचे शब्द पाहून पुढचा संभवनीय शब्द काढणे, मग त्याच्या पुढचा. अफाट मजकूर वाचल्यामुळे ज्या विषयावर पुष्कळ लिहिले गेले आहे तिथे हा संभव सत्याच्या जवळ जातो. पण तंजावूरच्या मराठ्यांवर, त्यातही मराठीत, इंटरनेटवर मजकूर थोडा. तंजावूरच्या मराठी घरांत अजून बोलली जाणारी बोली तर लिहिलीच जात नाही म्हटले तरी चालेल. अशा विषयावर विचारले की यंत्राकडे नोंद नसली तरी वाक्याची घडी असते, आणि त्या घडीत ते सन, नाव, ग्रंथ बसवून देते. ‘सरफोजींनी अमुक साली अमुक ग्रंथ लिहवला’ हे वाक्य व्याकरणाने निर्दोष असते, सूर खात्रीचा असतो. खोटे बोलण्याचा हेतू यात नाही. खरे-खोटे ताडण्याची पायरी त्या मूळ कृतीत नाही, एवढेच.

अलीकडची यंत्रे उत्तराआधी जालावर शोध घेतात आणि दुवे देतात. ही सुधारणा खरी आहे, पण दुवा उघडून पाहिला तरच. कित्येकदा दिलेल्या पानावर तो दावाच नसतो. आणि एका यंत्राने लिहिलेली चूक कोणी संकेतस्थळावर टाकली की दुसरे यंत्र तीच पुरावा म्हणून वाचते. लहान विषयांत हे प्रदूषण लवकर होते, कारण ते पातळ करायला पुरेसा चांगला मजकूर तिथे नसतो. मराठी वाचकांनी हे फार मनावर घ्यावे, असे मला कळकळीने वाटते.

भिंतीवरची चारशे नावे

बृहदीश्वराच्या भिंतीवर, सरफोजींच्या आठशे वर्षे आधी, राजराजाने आणखी एक यादी कोरवली. देवळाच्या सेवेला आणलेल्या चारशे स्त्रियांची. प्रत्येकीचे नाव, ती कोणत्या गावच्या देवळातून आली, आणि तंजावूरला कोणत्या आळीत, कोणत्या बाजूच्या रांगेत, कितव्या घरात राहते. प्रत्येकीला एक वाटा, म्हणजे वर्षाला शंभर कलम (जुने धान्यमाप) भात. तो वाटा तिचाच, हे भिंतीवर लिहिलेले असल्याने कोणी कारकून तिला नाकारू शकत नव्हता. उघड नोंद हे तिचे संरक्षण होते.

आज अशी यादी कोणी जाहीर केली तर आपण हादरू, आणि ते बरोबरच आहे. दगड कावेरीकाठी उभा होता; नागपूरच्या माणसाला तो घरबसल्या वाचता येत नव्हता, त्यातली नावे दुसऱ्या यादीशी जोडता येत नव्हती. फोनच्या जमान्यात नेमके हेच जोडणे सोपे झाले. दुकानात दिलेला मोबाइल क्रमांक, कर्जासाठी दिलेला आधार, खत-दुकानातली नोंद, शाळेचा अर्ज, या चार याद्या वेगवेगळ्या ठिकाणांहून फुटल्या आणि त्यांत मोबाइल क्रमांक समान असला, की त्या एका ओळीत येतात. मग फोन येतो: तुमचे नाव, बँकेची शाखा, मुलगी कितवीत शिकते, यंदाच्या भाताचे पैसे यायचे आहेत हेही त्याला ठाऊक. इतके माहीत असणारा माणूस परका कसा वाटेल? तुमची माहिती जितकी बाहेर, तितका परक्याचा आवाज घरचा वाटतो. खासगीपणा हा लपवालपवी करणाऱ्यांचा प्रश्न आहे असे म्हणणाऱ्यांच्या हे लक्षात येत नाही.

जमिनीच्या कागदात तर ही ओढाताण पुरती उघडी पडते. खरेदीखत जाहीर असावे लागते, नाहीतर एकच शेत दोघांना विकले जाईल. पण त्या खतावर अंगठ्याचा ठसाही असतो. २०१८मध्ये तेलंगणात एकाने नोंदणी खात्याच्या संकेतस्थळावरून खते उतरवून घेतली, त्यांवरचे ठसे रबरावर उठवले आणि त्यांनी सिमकार्डे चालू केली. २०२३मध्ये बंगळुरूतल्या फसवणुकींत संशय कर्नाटकाच्या जमीन-नोंदणी पोर्टलकडे गेला. त्याचे नाव ‘कावेरी’. आधार क्रमांक, बँकेचे नाव आणि अंगठा, एवढ्यावर गावातल्या बँकमित्राकडून पैसे काढता येतात. ओटीपी लागत नाही. वृद्धांसाठी ही मोठी सोय आहे. पण ओटीपी बदलतो, अंगठा जन्मभर बदलत नाही, हे ती आखणाऱ्यांनी पुरेसे ध्यानात घेतले नाही असे माझे स्पष्ट मत आहे. व्यवहार जाहीर ठेवावा आणि ठसा झाकावा, हे अवघड नव्हते.

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय एकमताने दिला. त्यावर संसदेने २०२३मध्ये वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायदा केला. कामाला लागेल तेवढीच माहिती घ्यावी, ज्यासाठी घेतली त्यासाठीच वापरावी, हे त्याचे सूत्र. ई-सेवै केंद्रातल्या झेरॉक्सच्या ढिगाऱ्यापर्यंत ते पोचायचे आहे.

चौकट: ओळखीच्या आवाजात पैसे मागणारा फोन आला तर

आवाज ओळखीचा असला तरी फोन ठेवा आणि तुमच्याकडे आधीपासून असलेल्या क्रमांकावर आपण होऊन लावा. आलेल्या क्रमांकावर उलट फोन करू नका. परदेशी असलेल्या माणसाशी एक घरगुती शब्द ठरवून ठेवा, जो कधी संदेशात लिहिलेला नाही. यूपीआयवर पैसे मिळण्यासाठी पिन टाकावा लागत नाही. पिन मागितला म्हणजे पैसे जाणार आहेत. अंगठ्याने पैसे काढायची सोय वापरत नसाल तर आधारच्या ॲपमधून बायोमेट्रिक कुलूप लावा, लागेल तेव्हा उघडता येते. पैसे गेलेच तर लगेच सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या मदत-क्रमांकावर कळवा. रक्कम पुढच्या खात्यांत पांगण्याआधी गोठवण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच असते. आलेल्या संदेशावर ‘अनेकदा फॉरवर्ड केलेला’ अशी दुहेरी बाणाची खूण असेल तर तो पाच किंवा अधिक हातांतून आला आहे, आणि पहिला हात कोणाचा ते बहुधा कोणालाच माहीत नाही.

मोडीचे रुमाल आणि यंत्राचे वाचन

तंजावूरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात मोडी कागदांचे शेकडो रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे, आहेत. अन्नछत्राचा खर्च, औषधशाळेचे हिशेब, हत्तींचा शिधा, नर्तकींचे पगार, गावोगावच्या पाटांची दुरुस्ती: त्रिभुज प्रदेशाचा दीडशे वर्षांचा रोजचा संसार त्यांत आहे. तिथल्या तमिळ विद्यापीठाने त्यांतले निवडक कागद तमिळमध्ये आणून छापले आहेत. पण मोडी वाचणारे थोडे, त्यात तंजावरी वळणाची मोडी वाचणारे आणखी थोडे. आयआयटी रुडकीच्या संशोधकांनी २०२५मध्ये मोडीचे देवनागरी करणारे यंत्र आणि त्यासाठी दोन हजारांहून अधिक चित्रांचा संग्रह पुढे आणला. आता या रुमालांवर यंत्र चालवायचे ठरले तर एका माणसाला जन्म पुरला नसता ते काम काही महिन्यांत होईल. मला या शक्यतेचा मनापासून आनंद आहे.

पण हे यंत्रही अस्पष्ट अक्षराच्या जागी संभवनीय अक्षर बसवते. मोडीत शब्द तोडून लिहीत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घ पाळत नाहीत, आणि वाळवीने खाल्लेल्या जागी ‘तीनशे’ होते की ‘तेराशे’ हे तज्ज्ञालाही भिंग लावून ठरवावे लागते. यंत्र तिथे अडखळत नाही. एक आकडा लिहून पुढे जाते. म्हणून प्रत्येक ओळीशेजारी मूळ कागदाचे छायाचित्र हवे, रुमालाचा आणि कागदाचा क्रमांक हवा, यंत्राला जिथे खात्री कमी तिथे वेगळा रंग हवा, वाचन तपासणाऱ्या माणसाचे नाव हवे, आणि छायाचित्रांच्या फाइलींवर ग्रंथालयाची डिजिटल सही हवी. जुन्या कारकुनांच्या भाषेत, यंत्राने वाचलेला कागद ‘रुजू’ झाल्याशिवाय ‘बार’ करू नये. काम सुरू व्हायच्या आधी हे ठरले तर खर्च फारसा वाढत नाही. लाखो पाने बिनखुणेची जालावर चढल्यावर मात्र कोणती ओळ कागदातली आणि कोणती यंत्रातली, हे वेगळे करणे कोणालाच जमणार नाही.